सीटीत ताजी गुठळी नाही, तरी आईचा दम का जात नाही?

प्रश्न घणसोलीहून आलाय, आईसाठी मुलाने विचारलेला. थोडक्यात असा: आईचं वय ५४. दोन वर्षांपूर्वी घोटा मोडला, पाय प्लास्टरमध्ये असतानाच एक दिवस अचानक धाप लागली आणि सीटीत दोन्ही फुफ्फुसांत रक्ताच्या गुठळ्या दिसल्या. सहा महिने रक्त पातळ करायची गोळी चालली, मग ‘कोर्स पूर्ण झाला’ म्हणून बंद झाली. गेले आठ महिने एक जिना चढला की आईंना थांबावं लागतं. दम्याचा पंप दिला, फरक नाही. गेल्या महिन्यात कपडे वाळत घालताना भोवळ येऊन पडल्या. टूडी इकोत उजव्या बाजूचा दाब ७८ आलाय, डावं हृदय उत्तम. नव्या सीटीच्या रिपोर्टात ‘ताज्या गुठळीचा पुरावा नाही’ असं लिहिलंय. त्यावरून एक डॉक्टर म्हणतात गुठळीचा विषय संपला, सिल्डेनाफिल ही फुफ्फुसातला दाब उतरवायची गोळी सुरू करू. दुसरे म्हणतात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊन बघू. मुलगा विचारतोय: आणखी तपासणी करायची का, आणि याला खरंच काही उपाय आहे का?

मी ठाण्यात छातीच्या विकारांची डॉक्टर आहे, या कामात बावीस वर्षं गेली. तुमच्या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘हो’ आहे. पण त्याआधी एक गोष्ट आजच करायची आहे, ती सांगते.

आईंची रक्त पातळ करायची गोळी बंद आहे, आणि तुमच्या पत्रातली हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचली. आधी गुठळ्या झालेल्या, आता उजव्या हृदयावर दाब आलेला आणि एकदा भोवळ येऊन पडलेल्या बाईला या गोळीशिवाय ठेवणं धोक्याचं आहे. तुमच्या डॉक्टरांना आजच गाठा आणि गोळी परत सुरू करायची का, हे विचारा. रक्तस्रावाचा काही त्रास नसेल, किडनी आणि हिमोग्लोबिन ठीक असेल, तर बहुधा लगेच सुरू होईल. सुरू करण्याआधी एक नळी रक्त जास्तीचं काढून अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीच्या (रक्तात गुठळ्या व्हायला कारण ठरणाऱ्या घटकांच्या) तपासण्यांना पाठवता आलं तर फार चांगलं. त्यातली ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट नावाची तपासणी गोळी चालू असताना फसवा निकाल देऊ शकते. गोळी बंद असल्याचा एवढा एकच फायदा आहे, तो घ्यावा. पण या तपासणीसाठी गोळी दोन दिवस लांबवू नका. रक्त काढा आणि त्याच संध्याकाळी गोळी द्या. आणि पुन्हा भोवळ आली, थुंकीत रक्त दिसलं, बसल्या जागी धाप लागायला लागली, तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.

आता मूळ दुखण्याकडे येते. मी आईंना तपासलेलं नाही, तेव्हा निदान केलं असं म्हणणार नाही. पण तुम्ही लिहिलेली हकीकत एका आजाराशी तंतोतंत जुळते. लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं घेऊन आम्ही त्याला सीटीईपीएच म्हणतो, बोलताना नुसतं ‘सीटेफ’. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत जुन्या गुठळ्या अडकून राहिल्यामुळे तिथे वाढलेला रक्तदाब, असा त्याचा साधा अर्थ.

फुफ्फुसात गुठळी गेली की बहुतेकांच्या शरीरात ती हळूहळू विरघळते. रक्त पातळ करायची गोळी स्वतः गुठळी विरघळवत नाही. ती नवी गुठळी होऊ देत नाही आणि शरीराला साफसफाईला वेळ मिळवून देते. साधारण तीन महिन्यांत हे काम बरंचसं उरकतं. पण शंभरातल्या दोन-चार जणांत ते अर्धवट राहतं. उरलेली गुठळी वाहिनीच्या भिंतीला चिकटते, तिच्यात भिंतीतल्या पेशी शिरतात, आणि काही महिन्यांत ती गुठळी राहतच नाही. तिचा वण होतो. भाजल्यावर कातडीवर जसा घट्ट, चिवट वण उरतो तसा, फक्त हा रक्तवाहिनीच्या आत. कुठे वाहिनी पूर्ण बंद, कुठे मध्ये कोळिष्टकासारखे पडदे, कुठे भिंतीला लागून जाड थर.

हा वणाचा मुद्दा मनात पक्का बसवा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. विरघळवायचं इंजेक्शन ताज्या, मऊ गुठळीवर चालतं. वणावर त्याचा उपयोग नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र पूर्ण. आईंना आठ महिन्यांपासून त्रास आहे, सीटीत ताजी गुठळी नाही. मग ते इंजेक्शन नेमकं कशावर द्यायचं? तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांना हे नम्रपणे पण स्पष्ट विचारा.

आणखी एक. घरात जुनी फाइल असेल तर दोन वर्षांपूर्वीचा, पहिल्या गुठळीच्या वेळचा इको रिपोर्ट शोधून काढा. त्यात उजव्या बाजूचा दाब किती लिहिलाय ते बघा. हृदयाचा उजवा कप्पा पातळ भिंतीचा असतो. त्याला आयुष्यभर कमी दाबावर काम करायची सवय. अचानक अडथळा आला तर तो थकतो, फुगतो, पण दाब साठच्या पलीकडे नेण्याची ताकद त्याच्यात नसते. तेव्हाच साठच्या वर आकडा असेल, तर तो कप्पा महिनोन्‌महिने जोर लावून जाडजूड झाला होता, म्हणजे दुखणं त्या प्लास्टरच्याही आधीचं होतं. माझ्या पाहण्यात असे रुग्ण कमी नाहीत. सीटेफच्या चारांतल्या एकाला तर आधी कधी गुठळी झाल्याचं आठवतही नाही, किंवा ती झालेली कुणाला कळलेलीच नसते.

आणि हे दुखणं उशिरा का कळतं, याबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगायलाच हवा. बऱ्याच वर्षांपूर्वी नौपाड्यात पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक बाई माझ्याकडे यायच्या. दम लागतो म्हणून. वजन थोडं जास्त, दिवसभर शेगडीपुढे, घोडबंदर रोडला घर, तिथे तेव्हा चहूकडे बांधकामाची धूळ. मी पाच महिने त्यांना दम्याचा पंप देत राहिले. छाती ऐकली की स्वच्छ, शिट्टी कधीच नाही. पंपाने फरक नाही. फुंकर मारायच्या तपासणीचा निकाल चांगला. या तीन गोष्टी समोर होत्या आणि मी त्या एकत्र मांडल्या नाहीत. सहाव्या महिन्यात त्या म्हणाल्या, ‘मॅडम, ठाणे स्टेशनात नऊ-दहा नंबरवरून पूल चढून स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर येईपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी येते.’ मग मी पंधरा सेकंद जास्त देऊन हृदय ऐकलं. दुसरा ठोका टेबलावर बोट आपटावं तसा मोठा होता. इकोत दाब ८५. त्या पाच महिन्यांची चूक माझीच होती. तेव्हापासून धाप लागते पण छाती स्वच्छ आहे, अशा प्रत्येक माणसाला मी दोन प्रश्न विचारते: चढताना कधी अंधारी आली का, आणि पायाला सूज, प्लास्टर, मोठं ऑपरेशन, बाळंतपण यानंतर कधी अचानक दम लागला होता का.

तर सीटीकडे. ‘ताज्या गुठळीचा पुरावा नाही’ हे वाक्य खरं असू शकतं आणि तरीही अपुरं असतं. रेडिओलॉजिस्टला चिठ्ठीवर ‘गुठळी आहे का’ एवढंच विचारलं, तर ते ताजी गुठळी शोधतात: वाहिनीच्या मधोमध, गोलसर, चारी बाजूंनी सीटीसाठी शिरेतून दिलेल्या रंगद्रव्याने वेढलेली. जुन्या वणाच्या खुणा वेगळ्या असतात. थर भिंतीला चिकटलेला, एका बाजूला. मध्ये बारीक दोऱ्यासारखा पडदा. वाहिनी अचानक बारीक झालेली, किंवा टोकाला पिशवीसारखी बंद झालेली. फुफ्फुसाचा पोत मोझॅक फरशीसारखा, कुठे फिकट कुठे गडद, कारण काही भागांत रक्त जास्त जातं आणि काही भागांत जातच नाही. श्वासनळ्यांना रक्त देणाऱ्या बारीक धमन्या जाड झालेल्या, कारण उपाशी राहिलेल्या भागाला शरीर दुसऱ्या वाटेने रक्त पोचवू बघतं. मुख्य फुफ्फुस धमनी रुंद. तुम्ही लिहिलंय की रिपोर्टात धमनी ३४ मिलिमीटर आणि ‘मोझॅक’ असा शब्द आहे. ते दोन शब्द मला ‘ताजी गुठळी नाही’ या वाक्यापेक्षा जास्त बोलतात.

म्हणून लगेच नवीन सीटी काढू नका. आधी जुना नीट वाचून घ्या. सेंटरकडून फिल्म नको, सीडी मागा, बारीक, एक मिलिमीटरच्या चकत्यांसकट. दोन वर्षांपूर्वीच्या सीटीचीही सीडी मिळाली तर सोन्याहून पिवळं. दोन्ही शेजारी लावून, जुन्या गुठळ्यांच्या खुणा ओळखण्याचा सराव असलेल्या रेडिओलॉजिस्टने पाहिलं, की पुष्कळ गोष्टी विनाखर्च कळतात.

आणि आता ती तपासणी, जी आईंची अजून झालेली नाही आणि माझ्या मते सगळ्यात आधी व्हायला हवी होती. फुफ्फुसाचा न्यूक्लिअर स्कॅन, ज्याला व्ही-क्यू स्कॅन किंवा परफ्यूजन स्कॅन म्हणतात.

तिचं तत्त्व इतकं साधं आहे की मला ते दर वेळी आवडतं. अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाचे अतिसूक्ष्म कण टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याशी जोडून हाताच्या शिरेतून देतात. ते रक्ताबरोबर फुफ्फुसात जातात आणि तिथल्या केशवाहिन्यांत तात्पुरते अडकतात. जिथे रक्त पोचतं तिथे कण पोचतात, जिथे रक्त पोचत नाही तो भाग कॅमेऱ्याला रिकामा दिसतो. दुसऱ्या भागात रुग्णाला किरणोत्सारी वायू किंवा वाफ हुंगायला देऊन हवा कुठे जाते ते बघतात. हवा सगळीकडे जाते पण रक्त पाचरीच्या आकाराचे तुकडे सोडून जातं, असं चित्र आलं की अडथळा रक्तवाहिनीत आहे. आपल्याकडे सगळ्या केंद्रांत हवेचा भाग होत नाही. तिथे रक्ताचा स्कॅन त्रिमितीत काढून सोबत साधा सीटी जोडतात, तेही चालतं.

या स्कॅनचं मोल असं, की तो पूर्ण स्वच्छ आला तर सीटेफ जवळजवळ नाहीच. २००७ मध्ये लंडनच्या एका गटाने दोन्ही तपासण्यांची तुलना केली. स्कॅनने शंभरातले ९६ हून अधिक रुग्ण पकडले, तर त्या काळच्या सीटीने जेमतेम निम्मे. आजची सीटी यंत्रं तेव्हापेक्षा खूप पुढे गेली आहेत, वाचणारा तरबेज असेल तर फरक बराच कमी होतो. पण ‘सीटी स्वच्छ, म्हणून जुनी गुठळी नाही’ हा निष्कर्ष सामान्य वाचनावर काढणं आजही धाडसाचं आहे. ‘स्कॅन स्वच्छ, म्हणून नाही’ हे मात्र मी विश्वासाने म्हणते.

किरणोत्सार म्हटलं की घरचे बिचकतात. टेक्नेशियमची तीव्रता दर सहा तासांनी निम्मी होते, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती सोळा भागांतला एक भाग उरते. शरीरावर पडणारा डोस साधारणपणे छातीच्या सीटी अँजिओपेक्षा कमीच. वैद्यकात लागणारी किरणोत्सारी औषधं बनवणारी अणुऊर्जा विभागाची बीआरआयटी ही संस्था तुमच्या घणसोलीपासून काही स्टेशनांवर, वाशीतच आहे. पण स्कॅनच्या विभागात एक गोष्ट आवर्जून सांगा: ‘आईंचा उजव्या बाजूचा दाब ७८ आहे.’ एवढा दाब असलेल्या फुफ्फुसात आधीच मोकळ्या वाहिन्या कमी असतात, म्हणून कणांची संख्या कमी करून देतात. माहिती आधी असेल तर ते सहज करतात. रक्त पातळ करायची गोळी स्कॅनसाठी बंद करायची नसते.

इथे एक सावधगिरी. स्कॅनमध्ये रिकामे तुकडे दिसले म्हणजे सीटेफ सिद्ध झाला असं नाही. टाकायासू नावाचा धमन्यांच्या सुजेचा आजार आपल्या देशात तरुण बायकांत दिसतो आणि हुबेहूब असंच चित्र देतो. जुन्या क्षयाच्या गाठी वाहिनीला बाहेरून दाबू शकतात. फार क्वचित धमनीच्या आतच कर्करोगाची गाठ असते. म्हणून स्कॅन, नीट वाचलेला सीटी आणि पुढची दाब मोजायची तपासणी ही तिन्ही मिळून निदान होतं. आणि हे सगळं किमान तीन महिने रक्त पातळ करायची गोळी नीट चालल्यानंतर मोजायचं असतं, कारण त्याआधी शरीराची साफसफाई सुरूच असते. आईंची गोळी मध्ये दीड वर्ष बंद होती. त्यामुळे तुमचे डॉक्टर कदाचित म्हणतील की गोळी सुरू करून तीन महिन्यांनी पक्कं निदान करू. ते बरोबर आहे. पण स्कॅन आणि सीटीचं फेरवाचन त्यासाठी थांबवू नका, आणि भोवळ आलेली असल्यामुळे मोठ्या केंद्राशी संपर्कही आताच करा. तीन महिने घरी बसून मोजायचे नाहीत.

दाब मोजायच्या तपासणीला राइट हार्ट कॅथेटरायझेशन म्हणतात. मानेतून, हातातून किंवा जांघेतून बारीक नळी उजव्या हृदयातून फुफ्फुस धमनीत नेतात आणि खरा दाब मोजतात. इको हा अंदाज असतो, त्यावर ऑपरेशन ठरत नाही. निरोगी माणसाच्या फुफ्फुस धमनीतला सरासरी दाब (इकोतला ७८ हा वरचा आकडा, हा सरासरी) १४च्या आसपास असतो, २०च्या वर गेला की तो आजार. दाबाबरोबर रक्ताचा प्रवाह मोजून वाहिन्यांचा एकूण अडथळा काढतात, तोच शस्त्रक्रियेचा धोका आणि फायदा ठरवताना उपयोगी पडतो. त्याच वेळी रंगद्रव्य सोडून फुफ्फुसाची अँजिओग्राफी करतात. ही हृदयाच्या झटक्यात करतात ती अँजिओग्राफी नव्हे. शेजारच्या काकांची झाली तीच आईंची, असं समजू नका. ही शक्यतो ऑपरेशन करणाऱ्या केंद्रातच करून घ्या, नाहीतर तिथे पुन्हा करावी लागते आणि पैसे दोनदा जातात.

उपचार. वण आहे, तर वण काढायचा. पल्मनरी एन्डआर्टरेक्टोमी, आपल्याकडे सर्जन मंडळी पीटीई म्हणतात. आजवर फुफ्फुसाच्या वाढलेल्या दाबाच्या जितक्या जाती मी पाहिल्या, त्यांतली बहुतेक औषधांवर आयुष्यभर रेटत न्यावी लागतात. सीटेफ या एका जातीत शस्त्रक्रियेने रुग्ण खरोखर बरा होण्याची शक्यता असते. म्हणूनच ती चुकवली की जीव तुटतो.

छाती मध्यभागी उघडून रुग्णाला बायपास मशिनवर घेतात आणि शरीर १८ ते २० अंशांपर्यंत थंड करतात. मग काही मिनिटं रक्ताभिसरण पूर्ण थांबवतात. श्वासनळ्यांच्या बाजूने येणारं रक्त सतत झिरपत राहिलं तर आतलं काहीच दिसत नाही, म्हणून हे थांबवावं लागतं. एका वेळी साधारण वीस मिनिटं, मग पुन्हा सुरू. घरातल्या जुन्या नळाच्या पाइपात क्षाराचा थर बसतो तसा वण बसलेला असतो. सर्जन त्या वणाबरोबर धमनीचं आतलं अस्तरही सोलत फांदीफांदीतून खेचून काढतात. नीट निघालं तर हाताच्या पंजावर झाडाच्या मुळांसारखी आकृती दिसते, दोन्ही फुफ्फुसांची. अस्तराचा नेमका थर पकडणं हीच कला. उथळ गेलं तर वण मागे राहतो, खोल गेलं तर धमनी फाटते.

‘मेंदूचं रक्त थांबवणार?’ हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो आणि तो यायलाच हवा. केंब्रिजजवळच्या पॅपवर्थ रुग्णालयात यासाठीच एक चाचणी झाली, २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ७४ रुग्णांपैकी निम्म्यांचं रक्ताभिसरण थांबवलं, निम्म्यांच्या मेंदूला रक्त चालू ठेवलं. नंतर बुद्धीच्या आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. थंडीमुळे मेंदूची भूक इतकी कमी झालेली असते की तेवढी मिनिटं तो सहन करतो.

धोका आहेच, तो लपवणार नाही. अनुभवी केंद्रांत मृत्यूचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असतं, फार मुरलेल्या केंद्रांत २ टक्क्यांच्या जवळ. वर्षाला दोन-चार ऑपरेशन करणाऱ्या ठिकाणी तेच प्रमाण असेल असं मी मानत नाही. म्हणून सर्जनला विचारा: तुमच्याकडे वर्षाला किती होतात? नंतर बायपास मशिनवरून उतरवताना फुफ्फुसात पाणी भरलं तर काय करता? असे प्रश्न विचारल्याने चांगले सर्जन रागावत नाहीत. देशात हे काम मोजक्याच ठिकाणी चालतं. बंगळुरू, दिल्ली आणि आपल्या मुंबईतल्याही काही मोठ्या हृदयशस्त्रक्रिया विभागांत होतं. ५४ हे वय यासाठी अजिबात जास्त नाही.

आणि कृपा करून हे लक्षात ठेवा: ‘हे ऑपरेशन होण्यासारखं नाही’ असं सांगण्याचा अधिकार फक्त हे ऑपरेशन नियमित करणाऱ्या चमूला आहे. मला नाही, तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना नाही, सीटीच्या रिपोर्टाला तर नाहीच. एका ठिकाणी नाही म्हणाले तर दुसऱ्या अनुभवी केंद्रात सीडी पाठवा. माझ्या एका रुग्णाला पहिल्या रुग्णालयात नकार मिळाला होता. दुसऱ्या चमूने त्याच सीडीवर होकार दिला.

वण फार आतल्या, बारीक फांद्यांत असेल तर मात्र सर्जनचा हात तिथे पोचत नाही. अशा वेळी फुग्याने वाहिन्या उघडतात, बीपीए म्हणतात त्याला. २००१ मध्ये बोस्टनमध्ये अठरा रुग्णांवर पहिल्यांदा नीट करून पाहिलं, पण अनेकांच्या फुफ्फुसात पाणी भरलं आणि पद्धत मागे पडली. मग जपानी डॉक्टरांनी लहान फुगे, एका वेळी थोड्याच वाहिन्या, असं करत ती सुरक्षित केली. आज ती चार-सहा बैठकांत, मध्ये काही आठवडे ठेवून होते. थुंकीतून रक्त येणं, फुफ्फुसाला इजा हे धोके अजूनही आहेत, म्हणून इथेही हात मुरलेलाच हवा.

औषधांत रिओसिग्वॅट. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २६१ रुग्ण होते, ज्यांचं ऑपरेशन शक्य नव्हतं किंवा ऑपरेशननंतरही दाब राहिला होता. सोळा आठवड्यांनी औषध घेणारे सहा मिनिटांत सरासरी ३९ मीटर जास्त चालले, खोटी गोळी घेणारे ६ मीटर कमी. उपयोगी औषध आहे, पण कुणासाठी ते वाचलंत ना? ऑपरेशन होऊ शकणाऱ्या माणसाला गोळीवर बसवून ठेवायला ते नाही. सिल्डेनाफिलबद्दलही माझं हेच म्हणणं. ते विष नाही, पण त्याने चार दिवस बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात आणि वर्ष निघून जातं. दरम्यान मोकळ्या राहिलेल्या वाहिन्यांवर सगळ्या रक्ताचा भार पडून त्यांच्याही भिंती बिघडत जातात, आणि तो बिघाड सर्जनला सोलून काढता येत नाही. आणि सिल्डेनाफिल व रिओसिग्वॅट एकत्र कधीच घ्यायचं नाही, रक्तदाब धोकादायक खाली जातो. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीचंही तसंच.

रक्त पातळ करायची गोळी मात्र ऑपरेशन होवो, फुगा होवो, काही होवो, सीटेफ ठरला तर ती आयुष्यभर. ‘सहा महिन्यांचा कोर्स’ हा हिशेब इथे लागू नाही. अँटिफॉस्फोलिपिडची तपासणी पॉझिटिव्ह आली तर नवीन गोळ्यांऐवजी असिट्रॉम किंवा वॉरफरिन या जुन्या गोळ्या, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा, बहुधा दोन ते तीनच्या मध्ये. त्यावर असताना मेथी, पालक, शेपू बंद करायची गरज नाही. आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवा, म्हणजे आयएनआर स्थिर राहतो. श्रावणात रोज पालेभाजी आणि एरवी महिनाभर नाही, असं नको. क्षयाचं औषध कधी सुरू करावं लागलं तर आधी सांगा, रिफाम्पिसिनने या गोळ्यांचा असर उतरतो. गुडघा दुखतो म्हणून दुकानातून वेदनाशामक घेऊ नका.

तोवर घरी: जिने शक्य तितके टाळा, वाकून जड उचलणं बंद. लोणचं, पापड, फरसाण कमी, पायाला सूज असेल तर डॉक्टर लघवीची गोळी देतील. हिमोग्लोबिन आणि लोह बघून घ्या, लोह कमी असलं तर धाप आणखी वाढते. पायात गुठळी आहे का याची सोनोग्राफी करून घ्या. गुठळी अडवायला पोटातल्या शिरेत जाळी बसवण्याचा सल्ला कुणी दिला तर लगेच होकार देऊ नका, सरसकट त्याची गरज नसते.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात तोच विषय चालला असेल. ऑपरेशन महाग आहे. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटून कोणत्या उपचारांना मंजुरी मिळते ते लेखी विचारा, दाखल होण्याआधी. नोकरीचा विमा असेल तर कंपनीला आगाऊ मंजुरीसाठी कॅथेटरायझेशनचा रिपोर्ट लागेल. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही तयार ठेवा.

त्या नौपाड्याच्या बाईंचं ऑपरेशन झालं. अकरा दिवस आयसीयूत, त्यातले चार व्हेंटिलेटरवर. फुफ्फुसात पाणी भरलं होतं, तेव्हा त्यांच्या मुलीइतकीच मीही रात्री झोपले नाही. सहा महिन्यांनी इकोत दाब ३८ होता. पोळीभाजी केंद्र त्यांनी सुनेकडे सोपवलं, पण पुरणपोळीच्या मोठ्या ऑर्डरला अजून स्वतः उभ्या राहतात.

तुम्ही या आठवड्यात करायचं ते एवढं: आज गोळीबद्दल डॉक्टरांना गाठणं, उद्या दोन्ही सीटींच्या सीड्या आणि दोन्ही इको रिपोर्ट एका फाइलीत लावणं, आणि परफ्यूजन स्कॅनची तारीख घेणं. आईंच्या माहेरी, भावंडांत कुणाला कमी वयात पायात गुठळी झाली होती का, आईंची स्वतःची प्लीहा काढली होती का, आईंना थायरॉइडची गोळी आहे का, हेही त्याच फाइलीत एका कागदावर लिहून ठेवा. स्कॅनचा रिपोर्ट आला की परत लिहा, मी वाचेन.